उणे वीसच्या थंडीत घरातली कोरडी हवा: आधी मोजा, मग गळती बुजवा, मग पाणी घाला

जानेवारीतल्या एका रात्री बाहेरच्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. सकाळी बघितलं तर बायकोच्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला, दांडीच्या जोडापासून खाली, केसाएवढी चीर गेलेली. मिरजेहून विमानात जिवापाड जपून आणलेला तानपुरा. कोणाचा धक्का लागला नव्हता की कोणी पाडला नव्हता. फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) व्हेंटपासून, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या झरोक्यापासून, चार फुटांवर आम्ही तो उभा करून ठेवला होता, एवढंच. त्याच आठवड्यात मुलाचा घोळणा दोनदा फुटला, आणि दाराच्या मुठीला हात लावला की चट्कन ठिणगी उडायची. अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटातला आमचा तो पहिला हिवाळा.

मी अकोल्याचा. कोरडी हवा मला काही नवी नाही. पण आमच्याकडे ती मे महिन्यात येते आणि तिला उत्तर म्हणून खिडकीत कूलर बसतो. इथे अंगणात गुडघाभर बर्फ आणि घरात मात्र ओठ फुटतायत, हे गणितच डोक्यात शिरेना. ते शिरलं तेव्हा पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप सुटल्या, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हवा कोरडी का होते

'हीटर हवेतलं पाणी जाळतो' असं सर्रास म्हणतात. ते खरं नाही. फर्नेसच्या ज्वाळेचा धूर वेगळ्या नळीतून बाहेर जातो आणि खोल्यांत फिरणारी हवा ज्वाळेला शिवतही नाही. खरी भानगड अशी की थंड हवेत वाफ मावतच नाही. उणे २० सेल्सिअसच्या एका घनमीटर हवेत, ती अगदी काठोकाठ दमट असली तरी, जेमतेम १ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिच्यात साधारण १८ ग्रॅम मावू शकतं. पाणी तेवढंच, भांडं अठरापट मोठं. सापेक्ष आर्द्रता झाली पाच-सहा टक्के.

म्हणजे घर कोरडं पडतं ते बाहेरची हवा आत शिरते म्हणून, आणि जितकी जास्त शिरते तितकं जास्त कोरडं पडतं. हिवाळ्यात अख्खं घर धुराड्यासारखं वागतं. गरम हवा वर जाऊन माळ्याच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला खाली बेसमेंटच्या फटींतून थंडगार हवा आत ओढली जाते. रात्रंदिवस. म्हणून दुकानात जाऊन ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करायचं यंत्र, उचलून आणणं ही पहिली पायरी नव्हे. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

पहिली पायरी: मोजा, पण मीटरवर आंधळा विश्वास नको

एक साधा हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजायचा मीटर, आणा. दहा-पंधरा डॉलरमध्ये मिळतो. दोन घेतलेत तर आणखी चांगलं, एक झोपायच्या खोलीत आणि एक बैठकीत. स्वस्त मीटर पाच-सात टक्क्यांनी सहज खोटं बोलतात, त्यामुळे आधी त्यांची परीक्षा घ्या. तिला मीठ पुरतं.

बाटलीचं एक झाकण घ्या. त्यात चमचाभर साधं मीठ घालून पाण्याचे थेंब टाकत जा. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते झाकण आणि मीटर एकाच झिप-लॉक पिशवीत ठेवा, दोघांचा स्पर्श होऊ देऊ नका, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि तोंड घट्ट बंद करा. दहा-बारा तास खोलीच्या तापमानाला हलवू नका. अशा ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी सांगतो. मागे चिकटपट्टी लावून त्यावर 'अधिक ५' लिहून टाका. माझ्या दोनपैकी एकावर 'अधिक ७' लिहिलेलं आहे आणि सहा वर्षं झाली, तो त्या सातशी एकनिष्ठ आहे.

मीटर ठेवताना व्हेंटसमोर, खिडकीच्या कट्ट्यावर, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ आणि ह्युमिडिफायरच्या शेजारी ठेवू नका. आतल्या भिंतीशी, बसल्यावर डोकं येतं तेवढ्या उंचीवर ठेवा. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळचा आकडा आणि बाहेरचं तापमान लिहून ठेवा.

आकडा किती असावा

घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता चांगली, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण कडाक्याच्या थंडीत ५० च्या मागे लागलात तर घराची वाट लागेल. खिडकीची काच घरातली सगळ्यात थंड जागा असते, त्यामुळे जास्तीची वाफ आधी तिथे पाणी होऊन बसते. जे पाणी दिसतं ते पुसता तरी येतं. भिंतीच्या आत आणि माळ्यावर जे गोठतं ते मार्चमध्ये वितळून छतातून टपकायला लागेपर्यंत कळत नाही.

म्हणून बाहेर जितकी थंडी जास्त, तितका आतला आकडा खाली ठेवायचा. सर्वसाधारण डबल काचेच्या खिडक्या असतील तर:

- बाहेर उणे ७ सेल्सिअस (२० फॅरनहाइट): ३५ टक्के
- उणे १२ (१० फॅरनहाइट): ३० टक्के
- उणे १८ (० फॅरनहाइट): २५ टक्के
- उणे २३ (उणे १० फॅरनहाइट): २० टक्के
- उणे २९ (उणे २० फॅरनहाइट): १५ टक्के

मिनियापोलिसला जानेवारीतलं रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे आमचा नेहमीचा आकडा तिशीच्या आगेमागे. ३० जानेवारी २०१९ ला इथला पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. तसल्या दिवशी १५ टक्क्यांवर समाधान मानायचं, ओठांना व्हॅसलीन लावायचं आणि गप बसायचं.

या यादीपेक्षाही माझा भरवसा काचेवर आहे. सकाळी उठल्यावर पडदा सरकवून काचेचे खालचे दोन कोपरे बघा. कोरडे असतील तर ठीक. कोपऱ्यात बोटभर धुकट पट्टा असला तरी चालेल. पाणी ओघळून लाकडी चौकटीत मुरत असेल तर आर्द्रता पाच टक्क्यांनी उतरवा, मीटर काहीही म्हणो. रात्री जाड पडदे ओढून घेतले की खोलीची ऊब काचेपर्यंत पोचत नाही आणि पडद्यामागे पाणी जास्त धरतं, म्हणून पडदा खालून चार बोटं वर ठेवावा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या आत आणि पलंगाच्या डोक्यामागेही अधूनमधून हात फिरवून बघा. बुरशी तिथे आधी धरते.

दुसरी पायरी: गळती बुजवा

यात पाणी लागत नाही, वीज लागत नाही, उलट गॅसचं बिल उतरतं. तरी हे काम कोणी करत नाही, कारण त्यात विकत आणून मिरवण्यासारखं काही नाही.

वाऱ्याच्या आणि कडक थंडीच्या दिवशी पेटती उदबत्ती हातात घेऊन घरभर फिरा. धूर जिथे एकदम आडवा होतो तिथे फट आहे. पडद्यांपासून तेवढी लांब धरा. वरच्या मजल्यावर आधी माळ्याचं झाकण तपासा. बहुतेक घरांत ते नुसतं ठेवलेलं असतं, त्याच्या कडेने फोमची चिकटपट्टी लावली की काम होतं. मग छतात बसवलेले दिवे, बाथरूमच्या पंख्याची कड. खाली बेसमेंटमध्ये पायाच्या भिंतीवर लाकडी चौकट जिथे टेकते ती कड, आणि पाइप किंवा केबल बाहेर जातात ती भोकं. बाहेरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डांमागे तयार कापलेले फोमचे तुकडे बसवता येतात. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा.

भाड्याच्या घरात राहत असाल तर खिडकीवर आतून ताणून बसवायचा प्लास्टिकचा पातळ पडदा मिळतो. चौकटीला दुतर्फी चिकटपट्टी लावायची, पडदा चिकटवायचा आणि केस वाळवायचा ड्रायर फिरवायचा. सुरकुत्या जाऊन तो काचेसारखा ताणला जातो. वारा थांबतो आणि काचेवर पाणीही कमी धरतं.

एक इशारा मात्र देतो. फर्नेसला आणि गॅसच्या गीझरला हवा घ्यायला, धूर सोडायला ठेवलेली तोंडं फट समजून कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर चालू हवा. कपडे वाळवायच्या ड्रायरची नळी बाहेरून काढून घरात सोडायची युक्तीही लोक सांगतात. गॅसच्या ड्रायरच्या बाबतीत हा सरळ जिवाशी खेळ आहे, आणि विजेच्या ड्रायरमधूनसुद्धा कपड्यांची बारीक तूस घरभर उडते.

हल्लीची नवी, घट्ट बांधलेली घरं असतील तर गोष्ट उलटी. तिथे हवा बदलायला वेगळं यंत्र असतं आणि ते चोवीस तास जोरात चालत असेल तर तेच घर कोरडं करतं. कडक थंडीत त्याचा वेग कमी करून बघा.

तिसरी पायरी: थर्मोस्टॅट उतरवा

हवेतलं पाणी तेवढंच ठेवून घराचं तापमान २३ वरून २० अंशांवर (७३ वरून ६८ फॅरनहाइटवर) आणलं तर २५ टक्क्यांचे जवळजवळ ३० टक्के होतात. एक थेंब न घालता. आपल्याकडून आलेले आई-बाबा घरात असले की हा उपाय अवघड जातो, हे मान्य. त्यांच्या खोलीपुरती वेगळी सोय करा आणि बाकीच्या घराला स्वेटर घाला.

चौथी पायरी: किती पाणी लागतं, याचा हिशेब

फर्नेसजवळ वाटीत पाणी ठेवणं, रेडिएटरवर ओला टॉवेल टाकणं, असे सल्ले भरपूर मिळतात. ते वाया का जातात ते बघा. अठराशे चौरस फुटांचं घर आहे, दर तासाला त्यातली चाळीस टक्के हवा बदलते, बाहेर उणे १५ सेल्सिअस आहे. अशा घरात ३५ टक्के टिकवायला दिवसाला साधारण २० लिटर पाण्याची वाफ लागते. चार माणसांचा श्वास, आंघोळी, कुकर आणि आमटीला आलेली उकळी यांतून त्यातलं निम्मंच निघतं. उरलेले दहाएक लिटर तुम्ही घालायचे. वाटीतून दिवसाला निघणार पेलाभर पाणी! आणि घरात दुप्पट फटी असतील तर गरज दुप्पट, म्हणूनच गळती आधी.

पण एकट्या झोपायच्या खोलीचा हिशेब अगदी वेगळा. बारा बाय बाराच्या खोलीला, दार लोटलेलं असेल तर, रात्रभरात अर्धा-पाऊण लिटर पुरतं. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेत, पिळून काढल्यावरही, दीड-दोन लिटर पाणी असतं. ते कपडे घडीच्या स्टँडवर झोपायच्या खोलीत वाळत टाकले की ह्युमिडिफायर विकत घ्यायची गरज नाही, वर ड्रायरची वीज वाचते. आमच्याकडे आठवड्यातून तीन रात्री तेच चालतं. रात्री गळ्याशी आलेल्या ओल्या बनियनांखाली झोपणं दिसायला बरं नसेल, पण सकाळी घसा सुकलेला नसतो.

पाचवी पायरी: यंत्र निवडा

पाण्याची वाफ करायला उष्णता लागतेच, यंत्र कुठलंही असो. एक लिटरला साधारण पाऊण युनिटाच्या आत. त्यामुळे 'वीज न खाणारा' म्हणून विकलेला ह्युमिडिफायर ती उष्णता खोलीतून, म्हणजे तुमच्या फर्नेसकडून घेतो. हे कूलरवाल्या माणसाला सांगावं लागत नाही. ओल्या जाळीतून हवा गेली की ती गार होते, त्याच गारव्यासाठी आपण मे महिन्यात कूलर लावतो. इथे दमटपणा हवा असतो आणि गारवा नको असतो, पण दोन्ही एकत्रच येतात.

खोलीसाठी मी ओल्या वातीचा, पंखेवाला प्रकार निवडीन. हा थेट कूलरचा चुलतभाऊ. हवा दमट होत गेली की तो आपोआप मंदावतो, आणि पाण्यातले क्षार वातीतच राहतात. वात दर एक-दोन महिन्यांनी बदलावी लागते, तेवढा खर्च धरा.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे धुक्याचा फवारा सोडणारा, आवाज करत नाही आणि दिसतो छान. पण तो पाण्याबरोबर पाण्यातलं सगळं काही हवेत उडवतो. नळाचं पाणी क्षारांचं असेल तर दोन दिवसांत टीव्हीवर, देव्हाऱ्यावर पांढरी पूड बसते आणि तीच छातीतही जाते. त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. वाफेचा प्रकार पाणी उकळतो, त्यामुळे जंतूंची भीती कमी, पण घरात रांगतं मूल असेल तर तो आणूच नका. कलंडला तर भाजतं.

कुठल्याही टाकीत निलगिरीचं तेल किंवा बाम घालू नका. त्यासाठी वेगळा कप्पा नसेल तर प्लास्टिक तडकतं.

सफाईत कुचराई झाली तर या यंत्रापेक्षा कोरडी हवा परवडली. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकी पुसून ठेवा. दर तिसऱ्या दिवशी पांढरं व्हिनेगर अर्धा तास ठेवून क्षार सोडवा, जुन्या टूथब्रशने कोपरे घासा आणि चांगलं विसळा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही नको, विषारी वायू होतो. टाकीत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर त्या रात्री यंत्र लावू नका.

फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर

स्वतःचं घर आणि डक्टची, म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या नळांची, व्यवस्था असेल तर हा सगळ्यात सुटसुटीत. फर्नेसशेजारी डक्टला एक चौकोनी डबा लावलेला असतो. त्यात जाळीदार पॅड, त्यावर वरून पाण्याची बारीक धार, आणि गरम हवा त्यातून आरपार. आत डोकावलात तर ओळखीचं वाटेल: कूलरमधल्या वुडवूलच्या जागी धातूची जाळी.

आमच्या घरात तो आधीच्या मालकाने बसवून घेतलेला होता. दोन हिवाळे आम्ही त्याच्या भरवशावर राहिलो आणि आकडा वीसच्या वर काही जाईना. तिसऱ्या वर्षी टॉर्च घेऊन खाली गेलो. डब्याला जोडलेल्या गोल नळीवर एक छोटी मूठ असते, एका बाजूला 'समर', दुसऱ्या बाजूला 'विंटर'. ती 'समर'वर होती. सर्व्हिसवाला दरवर्षी येऊन पैसे घेऊन जात होता आणि पाणी पॅडवरून सरळ गटारात जात होतं, हवा त्यातून जातच नव्हती. तेव्हापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी स्वतः हे करतो:

१. फर्नेसचा स्विच बंद. डब्याचं झाकण काढून जुना पॅड बाहेर. तो पांढऱ्या चुन्याने दगडासारखा झालेला असतो. नवीन बसवताना वरची बाजू वरच आहे ना ते बघा.
२. पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हाळीची भोकं दात कोरायच्या काडीने मोकळी करा.
३. खालच्या निचऱ्याच्या नळीत ग्लासभर पाणी ओता. ते पलीकडे पोचलं पाहिजे, नाहीतर डबा भरून फर्नेसवर सांडतो.
४. पाण्याचा छोटा व्हॉल्व्ह उघडा, मूठ 'विंटर'कडे वळवा.
५. स्विच चालू करून थर्मोस्टॅट वाढवा, म्हणजे पंखा फिरेल. मग आर्द्रतेचं बटण पूर्ण वर न्या. 'टिक्' असा आवाज होऊन धार सुरू झाली पाहिजे. झाली की बटण परत ३० वर.

बटण एकदा लावून विसरायचं नाही. हवामान खात्याने थंडीची लाट सांगितली की आदल्या दिवशीच खाली आणायचं, कारण घरात मुरलेला दमटपणा लगेच उतरत नाही.

माणसं आणि तानपुरा

घर २५ टक्क्यांवर असेल तर काही गोष्टी अंगावरच सांभाळाव्या लागतात. कढत पाण्याने लांबलचक आंघोळ करून कातडीचं तेल घालवू नका. कोमट पाणी, दहा मिनिटं, आणि अंग नीट पुसायच्या आत, ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मलम. खोबरेल इथे ऑक्टोबर ते एप्रिल दगडासारखं गोठलेलं असतं, म्हणून बाटली नको, रुंद तोंडाची बरणी घ्या. टाचांना रात्री लावून वर मोजे.

नाकासाठी मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे दिवसातून दोन-तीनदा. नाकात रोज तेल-तूप सोडायची सवय असेल तर इथे ती डॉक्टरांना विचारूनच ठेवा, ते थोडं थोडं फुफ्फुसात उतरू शकतं. जलनेती करणाऱ्यांनी नळाचं पाणी कच्चं वापरू नये. निदान एक मिनिट उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच. घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता चिमटीत धरायचा. अर्ध्या तासात थांबलं नाही तर डॉक्टर गाठायचा.

वाद्यांना साधारण ४० ते ५० टक्के लागतात, आणि ते अख्ख्या घरात देणं जानेवारीत शक्य नाही. म्हणून त्यांच्यापुरती वेगळी हवा करायची. तानपुरा आता कडक पेटीत, आतल्या भिंतीशी असतो. पेटीत गिटारवाले वापरतात तसली ओलावा सोडणारी पुडी आणि एक छोटा मीटर. तबल्याची जोडी झाकणाच्या डब्यात. भोपळ्याची चीर मिरजेलाच जाऊन भरून घेतली. कारागिराने अंगठा फिरवून बघितलं आणि कोरड्या देशात नेताना खुंट्या सैल करून नेत जा, एवढंच सांगितलं.

एप्रिलच्या मध्यावर, रात्री पारा शून्याच्या वर राहायला लागला की हे सगळं उलट्या क्रमाने: व्हॉल्व्ह बंद, मूठ 'समर'कडे, बटण शून्यावर, नव्या पॅडची मागणी तेव्हाच नोंदवायची. त्या रविवारी मी अकोल्याला फोन लावतो तेव्हा तिकडे भावाने कूलर गच्चीवरून खाली उतरवलेला असतो, आणि तो वुडवूल भरत भरत स्पीकरवर बोलत असतो.